नवरीनं वाजवलेला धवला

कसाऱ्याला आत्याकडे निघाले तेव्हा आईनं माझ्या पिशवीत दोन साड्या, वालांची पुरचुंडी आणि थोडी सुकट घातली आणि म्हणाली, "चार दिस हातभार लाव, मंग ये." माझी मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती. आत्याला वातानं धरलं होतं. तिला खाली बसता येत नव्हतं, आणि बसलीच तर कुणीतरी काखेत हात घालून उठवावं लागायचं. शेणव्याजवळच्या आमच्या गावाहून कसारा म्हणजे काही परमुलूख नव्हे, त्यामुळे मीही फार विचार केला नाही. आत्यानं दारातच माझा हात धरला, आत नेलं, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेवरची गोधडी बाजूला केली आणि म्हणाली, "ही ट्रंक तुजी." चार दिवसांसाठी आलेल्या पोरीला कुणी ट्रंक देतं का? हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण ट्रंक नवी होती, तिच्यावर कमळ रंगवलेलं होतं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझी म्हणावी अशी कडी-कुलपाची वस्तू बघत होते, त्यामुळे मी हरखून गेले.

आमच्याकडे भावाच्या मुलीवर आत्याचा पहिला हक्क असतो. तिच्या घरी लग्नाचा मुलगा असेल तर बाकीच्यांनी त्या मुलीकडे बघायचंसुद्धा नाही. आत्याचा दिनू कल्याणला रेल्वेत लागला होता, शनिवारी घरी यायचा. आजी लवकर गेल्यावर आत्यानंच माझ्या बाबांना कडेवर घेऊन वाढवलं होतं, आणि बाबांच्या तोंडून आत्यासमोर 'नाय' हा शब्द निघालेला कुणी ऐकला नव्हता. हे सगळं मला माहीत होतं, जसं घराच्या मागे ओहोळ आहे हे माहीत असतं. कुणी बसवून सांगितलं नव्हतं. आणि तीच खरी गोम होती. मला कुणी काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर हो म्हणता आलं असतं, नाही म्हणता आलं असतं, निदान रडता आलं असतं. पण शेजारीण आली की आत्या सहज म्हणायची, "पोरीनं घर हाती घेतलं माज्या," आणि शेजारीण माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. यात भांडायचं कुणाशी?

क्वार्टर दोन खोल्यांचं होतं आणि त्याची खिडकी थेट यार्डाकडे उघडायची. पुढे थळ घाट. घाट चढायला एकट्या इंजिनाची ताकद पुरत नाही म्हणून प्रत्येक गाडी कसाऱ्याला थांबायची आणि तिला मागून ढकलणारी इंजिनं लागायची. त्यांना बँकर म्हणत. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, हेच काम करायचे, बँकर जोडायचे. इंजिनं जोडून झाली की पुढचा ड्रायव्हर भोंगा द्यायचा, मागचे बँकर त्याला उत्तर द्यायचे आणि मग सगळी गाडी एक आचका खाऊन हलायची. उत्तर आल्याशिवाय गाडी हलायची नाही. दिवसभर हा सवाल-जवाब चालू. बँकर वर इगतपुरीला सुटायचे आणि रिकामे परत खाली यायचे, पुढच्या गाडीला ढकलायला. मी भांडी घासता घासता ते बघायची. सगळ्या गाड्या कुठे ना कुठे जात होत्या, फक्त हे बँकर परत कसाऱ्यालाच. मला त्यांची फार दया यायची, आणि ती दया इंजिनाची नव्हती हे वेगळं सांगायला नको.

आत्या वाईट असती तर बरं झालं असतं असं मी आजही म्हणते. ती फार चांगली होती. पावसाच्या तोंडावर शेवळाची रानभाजी निघते, त्या दिवसांत आदिवासी बायका दारावर शेवळं घेऊन आल्या की ती खुर्चीवर बसून मला शिकवायची: वरचं टोक कसं काढायचं, काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, किती कुटून घालायची म्हणजे घशाला खाज येत नाही. "काकडं कमी पडली तर घरातली माणसं दोन दिस तुजा उद्धार करतील," म्हणून हसायची. भाजी झाली की पहिला वाटा माझ्या पानात. तांदळाची भाकरी मी थापायची, पण मधली, न करपलेली भाकरी ती माझ्यासाठी बाजूला ठेवायची. माझे केस ती विंचरायची, कारण तेवढंच तिच्या हातांना जमत होतं. माझ्या आईनंसुद्धा माझे इतके लाड केले नव्हते. त्या घरात मला एकही दार बंद नव्हतं आणि तरी मला श्वास पुरत नसे.

पियानो मला दाखवला तो दिनूनंच, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. रेल्वे कॉलनीत एक इन्स्टिट्यूट होतं, म्हणजे एक मोठा हॉल. तिथं दिनू शनिवारी कॅरम खेळायचा. हॉलच्या कोपऱ्यात गोऱ्या साहेबाच्या काळातला पियानो उभा होता, त्यावर कॅरमच्या पावडरीचे डबे आणि कुठल्या तरी जुन्या मॅचचा कप. एकदा तो म्हणाला, "चल, तुला गंमत दावतो," आणि झाकण उघडून त्यानं एका बोटानं पट्टी दाबली. तो सूर हॉलभर गेला आणि माझ्या पोटात शिरला. दिनू हसला. तो साधा होता, कमी बोलणारा, कुणाच्या वाटेला न जाणारा. मला तो कधीच वाईट वाटला नाही. नवरा मात्र वाटला नाही. लहानपणी एकाच परातीत जेवलेला माणूस अचानक नवरा कसा वाटावा?

तिथं दुपारी रूथबाई शिकवायच्या. त्यांचे यजमान सिग्नलकडे मोठ्या हुद्द्यावर होते, माहेर नगरकडचं, देवळातला, म्हणजे चर्चमधला, बाजा त्या लहानपणापासून वाजवत आलेल्या. उंच, सडसडीत, तोंडात कायम लवंग. दिनूनं आत्याला विचारलं, आत्यानं लगेच होकार दिला. साहेबांच्या पोरी शिकतात तिथं आपली पोरगी शिकते याचा तिला अभिमानच वाटला. आठवड्याभरात ती शेजारणींना सांगायला लागली, "आमची सून पियानो वाजवते." मला वाटलं होतं, दुपारचा तो एक तास माझा आहे. तोही तिनं कौतुकानं उचलून घरात ठेवला.

रूथबाईंची शिकवायची तऱ्हा निराळी होती. बोटं कशी टाकायची हे त्यांनी दाखवलं, घोटून घेतलं, चुकलं की बोटावर पेन्सिल मारली. पण दर शनिवारी त्या पुस्तक मिटून ठेवायच्या. पहिल्याच शनिवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना गप्प बसवलं. फलाटावर चहावाला ओरडत होता. त्याची ती आरोळी सगळ्या कसाऱ्याला पाठ होती. बाईंनी तीच तीन सुरांत पियानोवर वाजवली. आम्ही हसलो. "आता हाच माणूस पहाटे कसा ओरडतो?" म्हणून त्यांनी तेच सूर खाली, जडशीळ, झोपेतले वाजवले. "गाडी सुटायला लागल्यावर?" तेच सूर धावायला लागले, एकमेकांवर आदळले. "आणि एकही कप खपला नाही त्या दिवशी?" त्यांनी ते इतके हळू वाजवले की साहेबांची धाकटी पोरगी रडकुंडीला आली. मग म्हणाल्या, "याला व्हेरिएशन म्हणतात, आपण रूपं म्हणू. नवी चाल कुणीही मागेल. मला तुमची नेहमीची चाल हवी, जी तुमच्या अंगात मुरलीय. तिला वेगळं बोलायला लावा. लिहून आणू नका, इथं बसून शोधा."

आता मुरबाडला माझ्या घरी पोरं कीबोर्ड घेऊन येतात. त्याला ती पियानोच म्हणतात, मीही दुरुस्त करत नाही. एक बटण दाबलं की ढोलकी आपोआप वाजते, म्हणून त्यांना आधी ते बटण हवं असतं. मी ते बंद करते आणि सांगते, घरात रोज ऐकता ती कुठलीही चाल घ्या आणि तिला चार कपडे घालून आणा. पालक येऊन तक्रार करतात, "बाई, आधी नीट तर शिकवा, मग बदलायचं बघू." मी त्यांना चहा देते आणि माझं तेच चालू ठेवते. बदलायला घेतल्याशिवाय आपल्याला काय येतं ते कळत नाही, हे त्यांना कसं सांगू? मला ते ज्या किमतीला कळलं तो किस्सा चहाच्या कपात मावणारा नाही.

माझ्या अंगात मुरलेली चाल एकच होती, धवल्याची. माझी आई धवलारीण. आमच्या लग्नात हळदीपासून नवरी निघेपर्यंत जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. भटजी असो नसो, ती लागतेच. आईचा हात धरून मी पंचक्रोशीतल्या मांडवांत वाढले. त्या चालीत मोजून चारच सूर. शब्द बदलतात, देवांची नावं येतात, कुळातल्या माणसांची येतात, चाल तीच. एक ओळ संपते न संपते तोच दुसरी सुरू होते, त्यामुळे तिला शेवट असा नाहीच, बायका दमल्या की ती थांबते. मी पट्ट्या चाचपून ते चार सूर काढले तेव्हा रूथबाईंच्या तोंडातली लवंग थांबली. "हे कुठलं?" मी सांगितलं. म्हणाल्या, "मग आता हेच. वर्ष गेलं तरी चालेल."

घरी मी ती चाल गुणगुणत राहायची. एकदा चुलीजवळ भाकरी थापताना गुणगुणले तर खुर्चीवरून आत्याचा आवाज आला, इतका कडक की मी दचकले. "गप गो! लग्नाच्या पोरीनं धवला तोंडात घेयाचा नस्तो. नवरीनं आपला धवला ऐकायचा, गायचा नाय. आईनं शिकवलं नाय तुला?" शिकवलं होतं. आमच्याकडची ती जुनी रीत. हळदीच्या पाटावर बसलेली नवरी मुकी असते, तिच्याभोवती बाकीच्या गातात. धवला गाणारी असेल ती नवरी नसते आणि नवरी असेल ती गात नाही. मला ते ठाऊक होतं, पण त्या 'लग्नाच्या पोरी'त मी आहे हे इतकं उघड मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या हातातली भाकरी फाटली. आत्याचा आवाज लगेच मऊ झाला, "राहूं दे, ती मला वाढ," म्हणाली. घरात मी गुणगुणणं सोडलं. दुपारी बोटं मात्र गात राहिली.

रूपं सुचत होती. एक पाण्याला जाणाऱ्या बायकांचं केलं, एक दळणाचं. डावा हात जमायला लागल्यावर बँकरचं केलं: उजव्या हातानं वर विचारायचं, डाव्यानं खूप खालून उत्तर द्यायचं. पण दरवेळी काहीही करून माझी बोटं शेवटी पहिल्या सुरावर परत यायची आणि चाल पुन्हा सुरू व्हायची. रूथबाई ऐकून घ्यायच्या. एकदा चिडून म्हणाल्या, "दरवेळी उंबऱ्यापर्यंत येतेस आणि मागं फिरतेस. अगं, संपव ना कुठंतरी!" मी म्हटलं, "बाई, ही चाल संपत नसते." "चाल तिच्या घरची असेल. हे रूप तुझं आहे. ते कुठं संपवायचं ते तू ठरव." ठरव हा शब्द मी किती दिवसांनी ऐकत होते! मला इतकं रडू आलं की त्यांनी पियानोचं झाकण लावलं आणि मला पाणी दिलं. काही विचारलं नाही. त्यांना कॉलनीत सगळं कानावर येतच होतं.

थंडी संपता संपता इन्स्टिट्यूटचं गॅदरिंग ठरलं. रूथबाईंच्या सगळ्या शिष्यांनी आपापल्या चालीची रूपं वाजवायची होती. त्याच सुमारास आतोबा एक निरोप घेऊन माझ्या गावी जाऊन आले. गॅदरिंगला बाबा येणार, आणि आलेच आहेत तर दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी फोडायची. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं, मग माघार नाही. आत्यानं हे मला सांगितलंसुद्धा नाही, शेजारणीच्या तोंडून कळलं. तिनं ट्रंकेत एक हिरवी साडी आणून ठेवली. मी ट्रंक उघडली, साडी बघितली आणि झाकण लावून त्याच्यावर बसून राहिले. खिडकीतून आतोबांचा बँकर परत खाली येताना दिसत होता. पळून जावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण जाणार कुठे, तर बाबांच्याच घरी, आणि बाबा तर इकडे यायला निघालेले.

रूथबाईंना मी साडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हवं तर शाळेची प्रार्थना वाजव. तीही तुला येते. कुणाला खुपणार नाही." मी दोन दिवस विचार केला. प्रार्थना वाजवली असती तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि सकाळी मी हिरवी साडी नेसले असते. मी म्हटलं, "बाई, मी धवलाच वाजवीन."

गॅदरिंगच्या संध्याकाळी हॉल भरला होता. पुढे साहेबमंडळी, मागे सतरंजीवर आमच्याकडच्या बायका, एका बाजूला खुर्चीत आत्या, तिच्याशेजारी बाबा आणि आतोबा. दिनू दाराशी उभा. साहेबांच्या पोरींची रूपं झाली, टाळ्या झाल्या. मी बसले आणि धवल्याची पहिली ओळ साधी, जशी आई म्हणते तशी वाजवली. आणि जे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं ते झालं. मागच्या बायकांनी गाणं उचललं! आमच्याकडे धवला सुरू झाला की बायका गप्प बसत नाहीत, तो कान टवकारून ऐकायचा प्रकारच नव्हे. एकीनं सुरू केलं, दुसरीनं साथ दिली, आणि कुणीतरी त्यात माझं नाव घातलं, मग दिनूचं. सगळा मागचा हॉल माझ्या हळदीचा धवला म्हणायला लागला. मी पाण्याला जाणाऱ्या बायकांचं रूप काढलं, त्या गातच राहिल्या. दळणाचं काढलं, त्यांनी आवाज वाढवला आणि मला ओढून पुन्हा मूळ चालीवर आणलं. मी निसटायला बघायची आणि त्या प्रेमानं परत घेऊन यायच्या. माझे हात घामानं पट्ट्यांवरून घसरायला लागले. आत्या हसत होती, मान डोलवत होती. हे सगळं आयुष्यभर असंच चालेल असं मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसलं.

मग मी उजवा हात उचलला आणि थांबले. बायका ओळ संपवून पुढची घ्यायला गेल्या तेव्हा मी डाव्या हातानं बँकरचं उत्तर दिलं, एकदम खालून, मोठ्यानं. त्या बिचकल्या. मी वर विचारलं, थांबले, खालून उत्तर दिलं. ह्या चालीत थांबायला जागा नसते, त्यामुळे गाणाऱ्यांना कुठे शिरावं ते कळेना. एकेक आवाज गळत गेला. शेवटी एक म्हातारीच गात राहिली, मग तीही थांबली आणि तिचं बोलणं सगळ्या हॉलला ऐकू आलं, "आं! ही तं नवरीच धवला लावते गो!" मी वाजवत राहिले. चारही सूर एकेकदा घेतले, पहिल्यावर परत न येता चौथ्याच्या पुढे, त्या चालीत कधीच नसलेल्या सुरावर गेले, तो दाबून धरला आणि विझेपर्यंत सोडला नाही. संपलं. टाळी एकट्या रूथबाईंची वाजली, मग दाराकडून आणखी एक. ती दिनूची होती.

घरी निघालो. बाबा आणि आतोबा पुढे, आत्या माझ्या खांद्यावर भार टाकून मागे. तिला चालवत नव्हतं, दर चार पावलांनी थांबत होती. घरी आल्यावर मी तिला खुर्चीत बसवलं आणि भाकऱ्यांसाठी पीठ घ्यायला वळले, तर तिनं माझं मनगट धरलं. बाबा तिथंच होते. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला रीत ठावं हाय. ठावं असून वाजवलंस."

मी मान हलवली.

"मंग तोंडानं सांग. ह्या घरात राहायचं नाय तुला?"

इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. मी म्हटलं, "नाय, आत्या."

बाबा उठून उभे राहिले, काही बोलणार होते. आत्यानं हातानंच त्यांना बसवलं. तिचे डोळे भरले होते. तिच्या सांध्यांना, तिच्या चुलीला, तिच्या एकुलत्या एका मुलाला तिनं माझा आधार धरला होता आणि मी तो एका शब्दात काढून घेतला. मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण ठेवलं असतं तर मी तिथंच राहिले असते, म्हणून ठेवलं नाही. ती म्हणाली, "मंग सकाळी बापासंगं जा. आता भाकऱ्या थाप, सगली उपाशी हायेत." मी भाकऱ्या थापल्या. मधली भाकरी तिनं त्या दिवशीही माझ्या पानात वाढली.

पुढे मी शिकले, मुरबाडला शाळेत शिकवायला लागले. बाबा वर्षभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. मग एके दिवशी आतोबा मुरबाडला शाळेच्या दाराशी उभे. दिनूचं लग्न ठरलं होतं, त्यानं स्वतः बघून पसंत केलेली मुलगी. आईचा आवाज तोवर गेलेला होता, तेव्हा धवल्यासाठी आमच्याकडे कोण येणार, मला वाटलं नुसतं आमंत्रण द्यायला आलेत. आतोबा टोपी काढून म्हणाले, "तुज्या आत्यानं सांगितलंय, हळदीला धवलारीण म्हणून तूच पायजे. दुसरी कुणी उभी नाय करायची."

मी गेले. मांडवात सगळ्या त्याच बायका, म्हातारीसकट. दिनू पाटावर बसलेला, अंगाला हळद. तो माझ्याकडे बघून जरासा हसला. आत्या खुर्चीत. मी तिच्याजवळ उभी राहिले आणि पहिली ओळ उचलली. तिनं न बघता माझा हात धरला आणि दुसऱ्या ओळीला तिचा कापरा आवाज माझ्या आवाजात मिसळला. त्या दिवशी मी चाल एवढीसुद्धा बदलली नाही.